न्यायाची मोजदाद

डोंबिवलीकराला आकड्यांचे महत्त्व पटवून द्यावे लागत नाही. त्याचा सारा दिवस मिनिटांत, डब्यांत आणि फलाटांच्या क्रमांकांत बांधलेला असतो. परंतु आकडा माणसाची नैतिक जाणीवही कधी कधी जागी करतो, ही गोष्ट सहसा आपल्या ध्यानात येत नाही. गर्दीच्या लोकलमधून पडून एखादा तरुण दगावतो. पंचनाम्यात नोंद होते ती तोल जाऊन पडल्याची. आम्हा धर्मगुरूंना अशा घरी जावे लागते, आणि अंत्यविधीला जमलेली माणसेही हलक्या आवाजात तेच बोलताना ऐकू येतात : दारात उभे राहायला नको होते. एकेक मृत्यू सुटा पाहिला तर दोष त्या त्या मृताचाच दिसतो. मात्र २०२३ या एका वर्षात मुंबईच्या उपनगरी रेल्वेमार्गांवर रूळ ओलांडताना, गाडीतून पडून व अन्य कारणांनी मिळून २,५९० माणसे गेली, ही संख्या पुढील वर्षी मुंबई उच्च न्यायालयासमोर आली, तेव्हा प्रश्न तोलाचा उरला नाही. अडीच हजार माणसांचा एकाच वर्षी तोल जात नसतो. तो प्रश्न मग दरवाजांचा, फलाटांच्या उंचीचा, गाड्यांच्या संख्येचा आणि ती ठरविणाऱ्या कार्यालयांचा होतो.

सर्वोच्च न्यायालयाला हे कळत नाही असे नाही. गाडीत चढताना वा उतरताना प्रवाशाकडून झालेली हयगय म्हणजे स्वतःहून ओढवून घेतलेली इजा नव्हे, आणि मृताच्या खिशात तिकीट सापडले नाही एवढ्यावरून त्याच्या वारसांची भरपाई नाकारता येणार नाही, असे त्या न्यायालयाने २०१८ साली स्पष्ट केले. रेल्वे दावा न्यायाधिकरणाच्या पायऱ्या झिजविणाऱ्या कित्येक कुटुंबांना या निर्णयाचा आधार मिळाला. व्यवस्थेचा दोष व्यक्तीच्या माथी मारू नये, हे तत्त्व त्यामागे आहे. प्रस्तुत लेखाचा प्रश्न एवढाच आहे की, हीच मोजपट्टी खुद्द न्यायालयाला लावावी काय? न्यायमूर्तींचे निर्णय गोळा करावेत, ते शेजारी शेजारी मांडावेत, त्यांची बेरीज-वजाबाकी करावी, हे उचित आहे काय? की न्याय ही मोजदादीच्या पलीकडची गोष्ट आहे?

एका प्रकारची मोजदाद आता सर्वमान्य झाली आहे. देशभरातील प्रलंबित खटल्यांची आकडेवारी देणारी राष्ट्रीय न्यायिक माहितीव्यवस्था २०१५ साली सर्वांना खुली झाली आणि सप्टेंबर २०२३ मध्ये सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या कारकिर्दीत सर्वोच्च न्यायालयही तीत सामील झाले. त्या सुमारास तेथील प्रलंबित प्रकरणे ऐंशी हजारांच्या घरात होती. १९५० साली आठ न्यायमूर्तींनिशी सुरू झालेल्या या न्यायालयाची मंजूर संख्या २०१९ साली ३४ झाली, तरी साठा हटलेला नाही. ही माहिती उपयुक्त आहे. पण ती न्यायालयाकडे तिकीटखिडकी म्हणून पाहते. रांग किती लांब, किती जणांना तिकीट मिळाले, एवढेच ती सांगते. खिडकीतल्या माणसाने एकाच गावच्या दोन प्रवाशांना एकच भाडे लावले की नाही, हे त्यातून कळत नाही. निक रॉबिन्सन या अभ्यासकाने २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत एक पाऊल पुढे टाकले. दिल्ली आणि तिच्या आसपासच्या राज्यांतून सर्वोच्च न्यायालयात येणाऱ्या अपिलांचे प्रमाण दूरच्या राज्यांपेक्षा कितीतरी अधिक आहे, हे त्याने दाखविले. म्हणजे कायदा सर्वांना सारखा असला, तरी दिल्लीचे भाडे, तेथील वकिलाची फी आणि मुक्काम सर्वांना सारखे नाहीत. कल्याणच्या न्यायालयातून निघालेला माणूस ठाणे, मग फोर्ट आणि मग दिल्ली असा प्रवास करतो, त्यात किती जण मधल्याच स्थानकावर उतरतात, याचा हिशेब आपण कधी मांडतो?

तथापि, मोजदादीची खरी कसोटी लागते ती जीव पणाला लागलेला असताना. फाशी असावी की नसावी, हा येथे विषय नाही. त्याबाबत चर्चची शिकवण २०१८ पासून पुरेशी स्पष्ट आहे. येथे पाहायचे आहे ते एवढेच, की जी शिक्षा एकदा अमलात आली म्हणजे मागे घेता येत नाही, तीत सारख्यांना सारखे वागविले जाते काय.

हरबन्स सिंग खटला म्हणून ओळखले जाणारे प्रकरण या दृष्टीने मोठे बोलके आहे. उत्तर प्रदेशात एका कुटुंबातील चौघांची हत्या झाली. आरोपींपैकी एक जण पोलिसांच्या गोळीबारात मारला गेला. उरलेल्या तिघांना १९७५ साली एकाच खटल्यात, एकाच पुराव्यावर, सारख्याच सहभागाबद्दल फाशी झाली आणि उच्च न्यायालयाने ती कायम केली. पुढे तिघे वेगवेगळ्या वेळी सर्वोच्च न्यायालयात गेले आणि वेगवेगळ्या खंडपीठांपुढे उभे राहिले. पहिल्याची याचिका १९७६ साली फेटाळली गेली. दुसऱ्याची शिक्षा १९७७ साली जन्मठेपेवर आली. तिसऱ्याची याचिका १९७८ साली फेटाळली गेली. पहिला आणि तिसरा यांना ऑक्टोबर १९८१ मध्ये एकाच दिवशी फाशी द्यायचे ठरले. तिसऱ्याने अखेरच्या क्षणी पुन्हा धाव घेतली, म्हणून त्याची फाशी थांबली. पहिल्याने तशी धाव घेतली नव्हती, आणि तो ठरल्या दिवशी फासावर गेला. दुसरा त्या वेळी जन्मठेप भोगीत होता. पुण्याचे सुपुत्र सरन्यायाधीश यशवंत विष्णू चंद्रचूड यांच्यापुढे १९८२ साली हे सारे आले, तेव्हा त्यांनी तिसऱ्याची शिक्षा सौम्य करावी अशी शिफारस राष्ट्रपतींना केली, आणि यापुढे फाशी अमलात आणण्यापूर्वी सहआरोपींपैकी कोणाची शिक्षा कमी झाली आहे काय, याची तुरुंग अधीक्षकाने जातीने खात्री करून घ्यावी, असे बजावले. वाचकहो, या सूचनेचा अर्थ नीट लक्षात घ्यावा. देशातील सर्वश्रेष्ठ न्यायपीठ एका तुरुंग अधिकाऱ्याला सांगत होते की, आमचे तीन निकाल शेजारी ठेवून पाहण्याचे काम तू कर.

तिन्ही निकाल सुटे सुटे वाचले तर कोणत्याही न्यायमूर्तीने अन्याय केला असे म्हणता येत नाही. प्रत्येकाने आपल्यापुढील कागद पाहिले आणि आपल्या बुद्धीला पटले ते केले. अन्याय त्या तिहींपैकी एकातही नव्हता; तो त्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत होता. समानता हा गुणच असा आहे की, तो एका वस्तूच्या अंगी असू शकत नाही. दोन वस्तू जवळ आणल्याखेरीज तो आहे की नाही, हे कळायचे कसे? शितावरून भाताची परीक्षा होते असे आपण म्हणतो, कारण सारा भात एकाच आचेवर शिजलेला असतो. जेथे दोन-दोन, तीन-तीन न्यायमूर्तींच्या अनेक चुली एकाच छपराखाली पेटलेल्या असतात, तेथे एका शिताने काय कळणार?

हा विचार न्यायपीठावरूनही मांडला गेला आहे. बच्चन सिंग खटल्यात १९८० साली चार न्यायमूर्तींनी फाशीची तरतूद वैध ठरविली आणि ती 'दुर्मीळातील दुर्मीळ' प्रसंगीच द्यावी असा दंडक घातला. पाचवे न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांनी विरोधी मत दिले व त्याची कारणे १९८२ साली सविस्तर लिहिली. ए. आर. ब्लॅकशील्ड या अभ्यासकाने १९७२ ते १९७६ या काळातील सर्वोच्च न्यायालयाचे फाशीविषयक निर्णय एकत्र करून तपासले होते. खंडपीठावर कोण बसले आहे यावर जगणे-मरणे बरेचसे अवलंबून राहते, या निष्कर्षासाठी भगवतींनी त्या तपासणीचा आधार घेतला. पुढे २००८ साली ॲम्नेस्टी इंटरनॅशनलची भारतीय शाखा आणि पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज यांनी १९५० ते २००६ पर्यंतचे सातशेहून अधिक निर्णय वाचून काढले, आणि त्या अहवालाच्या शीर्षकातच या कारभाराला प्राणघातक सोडत म्हटले. शब्द कठोर आहे. पण हरबन्स सिंग प्रकरण ज्याने वाचले त्याला तो खोटा वाटणार नाही.

आता दुसरी बाजू. सेमिनरीत आम्हाला नीतिशास्त्र शिकविताना दोन गोष्टी मनावर बिंबविल्या जात. संत थॉमस अक्वायनस यांनी तोंड पाहून टिळा लावण्याच्या वृत्तीला न्यायाविरुद्धच्या पापांत गणले आहे, ही पहिली. दुसरी अशी की, नियमाच्या अक्षरापलीकडे जाऊन त्या विशिष्ट माणसाची, त्या विशिष्ट प्रसंगाची दखल घेणे, हाही त्यांच्या मते सद्गुणच आहे. या दोहोंत ओढाताण आहे. कोणतेही दोन गुन्हे तंतोतंत सारखे नसतात, कोणतेही दोन गुन्हेगार तर नसतातच. मग त्यांना तक्त्यात बसविणे म्हणजे माणसाचे माणूसपण पुसणे नव्हे काय? प्रायश्चित्त संस्कारात धर्मगुरू समोरच्या एकट्या जिवाचे ऐकतो. तेथे नोंदवही नसते आणि नसावीच. हा आक्षेप मला वजनदार वाटतो. परंतु प्रायश्चित्ताच्या जागेवरून कोणी फासावर जात नाही. न्यायमूर्ती राज्याचे दंडबळ हाती घेऊन बसलेले असतात आणि कारणे लेखी देण्यास बांधलेले असतात. शिवाय वेगळेपणाचा दावा करणाऱ्याने वेगळेपण दाखवावे, हे रास्तच नाही काय? एकाला सूट दिली ती तरुण वयामुळे, असे निकालात लिहिले असेल, तर त्याच वयाच्या दुसऱ्याला ती का मिळाली नाही, हे विचारण्यात न्यायमूर्तींचा अधिक्षेप होत नाही. खुद्द बच्चन सिंगमधील बहुमतानेच गुन्ह्याइतकेच गुन्हेगाराकडेही पाहण्यास सांगितले होते.

फ्रान्सने मात्र वेगळी वाट धरली. न्यायाधीशांच्या नावांवरून त्यांच्या निर्णयपद्धतीचे मूल्यमापन, तुलना किंवा भाकीत करण्यास तेथे २०१९ च्या कायद्याने मनाई करण्यात आली, आणि त्यासाठी पाच वर्षांपर्यंतच्या तुरुंगवासाची तरतूद ठेवण्यात आली. त्यामागची भीती समजण्यासारखी आहे. ज्याच्याकडे पैसा आहे तो आकडे विकत घेईल, कोणत्या पीठापुढे खटला गेला तर लाभ होईल याचा अंदाज बांधील, आणि तारखा लांबवीत वा माघार घेत सोयीचे पीठ गाठील. आकडेवारी गरिबाचे शस्त्र होण्यापूर्वी श्रीमंताचे होते, हा अनुभव नवा नाही. तरीही फ्रान्सचा उपाय मला रोगापेक्षा भारी वाटतो. सार्वजनिक निकाल सार्वजनिकपणे मोजू नये असे ठरविले, तर खासगीत मोजणारे थांबत नाहीत. थांबतात ते फक्त अभ्यासक.

आकडा कबूल करूनही माणसाला नाकारता येते, याचे उदाहरण अमेरिकेत घडले. डेव्हिड बॉल्डस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जॉर्जिया राज्यातील सत्तरच्या दशकातील दोन हजारांहून अधिक खटले तपासले. इतर अनेक बाबींचा हिशेब धरूनही, बळी गोरा असेल तेव्हा फाशी होण्याची शक्यता बळी काळा असण्यापेक्षा चौपटीहून अधिक होती. हा पुरावा घेऊन मॅक्लेस्की नावाचा कृष्णवर्णीय कैदी त्यांच्या सर्वोच्च न्यायालयात गेला. १९८७ साली पाच विरुद्ध चार मतांनी न्यायालयाने त्याला नकार दिला. अभ्यास खरा मानला तरी या एका माणसाच्या खटल्यात पक्षपात झाला, हे त्याने सिद्ध केलेले नाही. शिवाय हे मान्य केले तर साऱ्या फौजदारी न्यायव्यवस्थेवरच प्रश्न उभा राहील, असा युक्तिवाद झाला. हा दुसरा युक्तिवाद विलक्षण आहे. चूक फार मोठी आहे म्हणून ती पाहू नये, असाच त्याचा मथितार्थ. बहुमताचा निर्णय लिहिणारे न्यायमूर्ती लुईस पॉवेल यांनी निवृत्तीनंतर १९९१ साली आपल्या चरित्रकाराला सांगितले की, एखादे मत बदलता आले तर आपण याच खटल्यातील बदलू. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मॅक्लेस्कीला देहदंड दिला गेला.

आपल्याकडील आकडे वाचतानाही सावधगिरी हवी. दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाने २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालासाठी देशभरातील फाशीच्या ३८५ कैद्यांपैकी ३७३ जणांशी संवाद साधण्यात आला. त्यांतील ७४.१ टक्के आर्थिकदृष्ट्या दुर्बल होते. यावरून न्यायमूर्ती गरिबांचा द्वेष करतात, असा निष्कर्ष कोणी काढला तर तो उतावळा ठरेल. गरिबी कदाचित पोलीस चौकीतच आत शिरली असेल, कदाचित वकील नेमताना. आकडा गळती दाखवितो. नळ कोठे फुटला आहे ते जमीन खणूनच पाहावे लागते. याच अहवालातील दुसरी माहिती अधिक अस्वस्थ करते. सन २००० ते २०१५ या काळात खालच्या न्यायालयांनी दिलेल्या फाशीच्या शिक्षांपैकी ज्यांची अपिले निकाली निघाली, त्यांत शंभरातील पाचांहून कमी जणांची फाशी टिकली आणि सुमारे तीस जण निर्दोष सुटले.

त्या निर्दोषांत पुढे आणखी सहा जणांची भर पडली, आणि ते आपल्याच राज्यातले. २००३ च्या जूनमध्ये नाशिकजवळ पेरूच्या बागेतील एका झोपडीवर रात्री दरोडा पडला. पाच जणांची हत्या झाली, अत्याचार झाले. घरातली आई जखमी अवस्थेत वाचली. भटक्या जमातीतील सहा मजुरांवर खटला चालला. २००६ साली सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी दिली. २००७ साली मुंबई उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम केली व तिघांना जन्मठेप दिली. ३० एप्रिल २००९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या तिघांनाही पुन्हा फाशी सुनावली. या निकालाला १९९६ सालच्या एका निर्णयाचा आधार होता. गुन्ह्याची भीषणता पाहावी, गुन्हेगाराकडे पाहण्याचे कारण नाही, असा त्या जुन्या निर्णयाचा रोख होता. आणि १३ मे २००९ रोजी, म्हणजे अवघ्या दोन आठवड्यांनी, त्याच न्यायालयाच्या दुसऱ्या खंडपीठाने महाराष्ट्रातल्याच दुसऱ्या खटल्यात सांगितले की, १९९६ चा तो निर्णय बच्चन सिंगच्या दंडकाकडे दुर्लक्ष करून दिलेला असल्याने बंधनकारक नाही. त्यावर विसंबून कोणते निकाल दिले गेले, त्यांची यादीच त्या पीठाने दिली. ही मोजदादच होती. फक्त या वेळी ती न्यायालयाने स्वतः केली. २०१२ साली चौदा माजी न्यायमूर्तींनी राष्ट्रपतींना पत्रे लिहून अशा चुकीच्या आधारावर फाशी झालेल्या तेरा जणांची शिक्षा कमी करण्याची विनंती केली. त्या परंपरेतील दोन जण त्यापूर्वीच फासावर गेले होते.

इथवर आकड्यांचे काम झाले. फाशीच्या कैद्याची पुनर्विलोकन याचिका बंद दालनात कागद फिरवून निकाली न काढता खुल्या न्यायालयात ऐकावी, असा निर्णय २०१४ साली झाला, आणि त्या वाटेने नाशिकचे प्रकरण पुन्हा उघडले. पण त्या सहा जणांना सोडविले ते कोणत्याही सरासरीने नव्हे. तीन न्यायमूर्तींनी मूळ कागद पुन्हा वाचले. वाचलेल्या आईने घटनेनंतर लगेच पोलिसांकडील छायाचित्रांतून चार माणसे ओळखली होती, आणि त्यांत या सहांपैकी एकही नव्हता. हा कागद २००६ साली होता, २००७ साली होता, २००९ सालीही होता. ५ मार्च २०१९ रोजी सहाही जण निर्दोष ठरले. त्यांतील एक जण घटनेच्या वेळी अल्पवयीन होता, हे मधल्या काळात उघड झालेच होते. सोळा वर्षांच्या कैदेनंतर प्रत्येकाला पाच लाख रुपये देण्याचा आदेश झाला, आणि तपासात कसूर करणाऱ्या अधिकाऱ्यांना हुडकून त्यांच्यावर कारवाई करण्यास राज्य शासनाला सांगण्यात आले.

जुन्या करारात दावीद राजाला प्रजेची शिरगणती केल्याबद्दल शासन झाले, ही कथा आपणास ठाऊक आहे. आपले बळ किती, हे पाहण्यासाठी त्याने माणसे मोजली होती. शंभर मेंढरांचा मेंढपाळही मोजतोच. पण तो मोजतो ते कोण हरवले हे कळावे म्हणून, आणि संख्या कमी भरताच त्याला काठी घेऊन रानात जावे लागते. नाशिकच्या प्रकरणात ते रानात जाणे दहा वर्षे उशिरा घडले. आणि त्या आईने ज्या चौघांकडे बोट दाखविले होते, त्यांच्याविरुद्ध पोलिसांनी पुढे तपासच केला नव्हता. खटल्याच्या तक्त्यात तिचा रकाना नाही. तिची साक्ष सहा जणांना फाशी देताना उपयोगात आली आणि सोडतानाही. तिच्या झोपडीत त्या रात्री कोण शिरले होते, या प्रश्नाचे उत्तर मात्र २००३ पासून २०१९ पर्यंतच्या चारही निकालांनी तिला दिलेले नाही.